नाडी माझी, दिवे त्याचे

३ ऑगस्ट
एम.टेक.चं शेवटचं वर्ष. परदेशातल्या परिषदेला आमच्या लॅबमधून एकच जण जाणार. डेमो बघून सर ठरवणार. म्हणजे जाणार मीच. माझा मनगटी पट्टा नाडी मोजतो, फोन आसपासचे फोन ओळखतो आणि ताण कुणामुळे येतो ते न विचारता सांगतो. शेजारच्या टेबलावरचा गोडबोल्या काय करतोय? खोलीत कुणी नसलं की दिवे बंद. यात कसलं डोंबलाचं संशोधन! आमची आई हे आयुष्यभर करतेय, सेन्सरशिवाय.

७ ऑगस्ट
संकल्प: गोडबोल्याच्या स्क्रीनकडे बघायचं नाही.
दुपारी त्याचे दिवे बंद झाले. सर चक्क 'वा' म्हणाले! मला अजून एकदाही म्हणाले नाहीत. खोल कामाला दाद उशिराच मिळते.

१२ ऑगस्ट
पट्टा स्वतःच्याच मनगटावर बांधला. शांत माणसाचा नमुना हवा, आणि लॅबमध्ये माझ्याइतकं शांत आहेच कोण? गोडबोल्या माझ्यासाठी चहा घेऊन आला. काही अडलं तर सांग रे, म्हणाला. लबाड! अंगाचा तिळपापड झाला. चहा फार गरम होता.

१८ ऑगस्ट
पट्टा बिघडलाय. लॅबमध्ये दिवसभर ताण दाखवतो, घरी ठणठणीत. वायरिंगचा दोष असणार. आज दुरुस्त करणार होतो, पण गोडबोल्या फोनवर कुणाशी तरी हसत होता. कुणाशी, ते बघण्यात दिवस गेला.

२३ ऑगस्ट
ताईचा फोन. तासभर माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू जळतोयस त्याच्यावर. मी? जळतोय? तिला यातलं तांत्रिक काही कळत नाही.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
डेमो झाला. ताणाचं कारण दाखव, सर म्हणाले. भिंतीवर भलंमोठं उमटलं: 'गोडबोल्या'. त्याच्या फोनला ते नाव मीच दिलेलं. नेमका तेव्हाच तो दार ढकलून आत आला आणि माझ्या नाडीचा आलेख थेट वर चढला. सगळी लॅब खो खो हसली.
सर 'वा' म्हणाले.

६ सप्टेंबर
सरांनी माझा पट्टा त्याच्या दिव्यांना जोडायला लावला. माणसाला ताण आला की उजेड मंद. परिषदेला गोडबोल्या जाणार. माझा आलेखही नेणार, पण प्रयोगात सहभागी माणसाचं नाव छापायचं नसतं म्हणे. रीतसर परवानगी मागायला आला, चहा घेऊन.
मी सही केली. तुझ्यासाठी मला मनापासून आनंद झालाय, असंही म्हणालो.
खोलीतले दिवे हळूहळू मंद झाले.