कमलाबाईचं रडणं

काका,

शनिवारी तुमची शोकसभा आहे. तिथे पडद्यावर दाखवायला तुमच्या सिनेमांतले तुकडे मी जोडते आहे. तुमची मुलगी म्हणाली, "दीदी, कमलाबाईचं रडणं पाहिजेच. बाबांचा बेस्ट सीन आहे तो." म्हणून लिहिते आहे.

ब्राह्मणपाऱ्यात तुमच्या घरी सगळे तुमचेच किस्से सांगत होते. भर मे महिन्यात लोकरी टोपी. सेटवर कुणी घड्याळ घालायचं नाही. लोक हसत होते. मला शिसारी आली.

कमलाबाई बीरगावची, नटी नव्हे. तुमच्या सिनेमात तिला विधवा व्हायचं होतं आणि रडू येत नव्हतं. मी हेडफोन लावून बसले होते, तेव्हा तुम्ही वाकून म्हणालात, "आता कशी रडते ते पाय. आवाज फाटू देऊ नको, पोट्टी." मी काही विचारलं नाही. रेकॉर्डिंगची पातळी खाली आणली. म्हणून ते रडणं इतकं स्वच्छ आलंय.

मग तुम्ही खोटाच फोन कानाला लावलात. तिला सांगितलंत, कारखान्यात भट्टी उसळली, तुझा नवरा गेला.

"मोर आदमी?" माझा माणूस? ती एवढंच म्हणाली.

खोटं आहे हे मला तिथेच कळलं. बोलले असते तर काय झालं असतं? एक शॉट वाया गेला असता. मी रेकॉर्ड करत राहिले.

नंतर तुम्ही पेढे वाटलेत. "लो कमला, मुँह मीठा करो, ज़िंदा है तुम्हारा आदमी." युनिट हसलं. तिने पेढा मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही. पुढे त्या 'अभिनयाचं' कौतुक झालं, काका, आणि तुम्ही ते मान हलवत ऐकून घेतलंत. एकदाही लाज वाटली नाही?

काल बीरगावला जाऊन तिला विचारलं, ते रडणं लोकांना दाखवू का? असं कुणी तिला आधी विचारलंच नव्हतं. ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "झन देखाबे दीदी. मैं एक्टिंग नइ करत रहेंव." दाखवू नको, मी अभिनय करत नव्हते.

शनिवारी तो प्रसंग पडद्यावर नसेल, हा माझा शब्द. तुमच्या मुलीने कारण विचारलं, तर तुम्ही काय केलंत ते सांगेन, आणि मी काय केलं तेही. त्यानंतर तिने मला दारात उभं केलं नाही, तरी चालेल.

तुमची साउंड रेकॉर्डिस्ट,
मेघना