शांतोबाला घरी पाठवलं

३ मार्च

शांतोबा गेला. घरी! चौदा महिने आमच्याकडे होता, एक शब्द बोलला नाही. म्हणून आम्हीच ठेवलेलं हे नाव. आज आई आणि बहीण न्यायला आल्या. अकरा वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा! म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "किती वाळलास रे!" गाडीवाले काका भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. मीही काही कमी रडले नाही.

आमची संस्था म्हणजे दोन खोल्या, सर, काका आणि मी. वाट चुकलेल्यांची घरं शोधायची. दहांत एखादं सापडतं. माझी आई सारखी विचारते, 'धड नोकरी कधी बघणार?' आज तिला इथे आणायला हवं होतं.

५ मार्च

फाईल बंद करायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. बहिणीने भरलेल्या जुन्या अर्जात खूण लिहिली आहे: डाव्या कोपराखाली शस्त्रक्रियेचा लांब व्रण. लहानपणी झाडावरून पडला होता म्हणे. माणूस सोपवण्याआधी खूण पडताळायची, हा आमचा नियम. 'पडताळली' पुढे सही माझी. मी बघितलंच नव्हतं! सगळे रडत होते, त्या भरात केली सही.

काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याला आंघोळ तेच घालायचे. "हातावर व्रण? छे! ओरखडासुद्धा नाही. का गं?"

"काही नाही."

६ मार्च

त्याची फाईल तीनदा उघडली. सही माझीच.

७ मार्च

सर परगावी आहेत. फोन उचलला, ठेवला. परत उचलला, परत ठेवला. संस्थेचं नाव जाईल. पुढच्या वेळी कोण विश्वास ठेवेल आमच्यावर? — हे सगळं खरं, पण खरं कारण वेगळंच. मी घाबरले आहे.

आणि त्याचं घर? ते कुठेतरी असेलच की. शोध चालू होता, तो आम्ही थांबवला. घर न सापडलेल्यांच्या भिंतीवरून त्याचा फोटो मीच उतरवला, तोही हसत हसत!

९ मार्च

सर आले. सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत राहिले. "उद्या त्यांच्याकडे जाऊन ये. आधी नीट बघ. मग बोल."

१० मार्च

गेले. शांतोबा खिडकीपाशी लोकरीची लड हातांवर धरून बसला होता, म्हातारी गुंडा करत होती. अंगावर नवा सदरा, बाह्या दुमडलेल्या. डावा हात स्वच्छ, कोरा.

बहिणीने मला स्वयंपाकघरात ओढलं, नळ सोडला. आवाज बाहेर जायला नको.

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं, कपडे बदलताना."

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"आई इतक्या वर्षांनी पोटभर जेवतेय हो. तिला सांगू नका. पाया पडते तुमच्या."

खरंच वाकली! मी तिचे खांदे धरले. बोलायला गेले होते, काही न बोलता परत आले.

११ मार्च

सर म्हणाले, "म्हातारीच्या समाधानासाठी एक जिवंत माणूस वापरायचा? त्याचीही कुणी वाट बघत असेल." बरोबर आहे त्यांचं. ताईंचंही चूक म्हणवत नाही. फोटो परत भिंतीवर लावला, शोध पुन्हा सुरू केला. म्हातारीला सांगायचं काम माझं. शनिवारी.

१३ मार्च

उद्या. काय बोलू? आरशासमोर उभी राहून बोलून पाहिलं. 'आजी, आमची चूक झाली.' पुढचं वाक्य येतच नाही.

१४ मार्च

निघायच्या तयारीत होते, तर दारात म्हातारी! एकटी, धापा टाकत. पाणी प्यायली आणि म्हणाली, "दोन अर्ज दे. एक माझ्या मुलाचा, पुन्हा शोधायला. दुसरा ह्याच्या आईला शोधायचा."

मी कपाटातून दोन कोरे अर्ज काढले.

"आई आहे गं मी. त्या दिवशी ह्याच दारात कळलं होतं मला. पण लेकीला बोलू नकोस हं. किती आनंदात आहे ती!"