मधुसूदन यांचे ढग आणि माझी खाती

मी, मीनाक्षी मधुसूदन जिंतूरकर, वय ७२, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवते. ऐकू कमी येते, समजते सगळे.

१. राहता फ्लॅट मुलगी स्वरदा हिला. ठेवी स्वरदा व मुलगा हिमांशू यांना निम्म्या-निम्म्या.

२. माझी ऑनलाइन खाती सहा आहेत. प्रत्येकाचे नाव, पासवर्ड आणि जोडलेला नंबर निळ्या वहीत लिहिला आहे. वही कपाटाच्या लॉकरमध्ये आहे. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत, असे वकिलांनी बजावले.

३. माझ्यामागे माझे सिमकार्ड वर्षभर चालू ठेवावे. सगळी खाती उघडून, हवे ते उतरवून घेतल्याशिवाय ते बंद करू नये.

हिमांशू, हे तुझ्यासाठी. बाबा गेल्यावर महिन्याभरात तू त्यांचा नंबर बंद केलास. मला विचारले नाहीस. नगररचना खात्यात जन्मभर नकाशे काढणारा तो माणूस, २०१२ च्या दुष्काळापासून रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ढगांचे फोटो काढायचा. ते फोटो त्यांच्या खात्यात अडकले, कारण ओटीपी त्याच नंबरावर जायचा. सात महिने मी तुझ्याशी तुटक बोलले. तुला वाटले, आई दुःखात आहे. मला राग आला होता.

मग एका दुपारी मी तो नंबर लावला. का लावला, सांगता येणार नाही. रिंग वाजत राहिली, आणि फोन उचलला गेला. श्वास ऐकू आला. क्षणभर मला वाटले, हेच आहेत, फक्त लांब कुठेतरी उभे आहेत.

"कोन पायजे?"

खुलताबादचे बद्रीनाथ वाकळे. फुलांचे दुकान. नंबर आता त्यांना मिळाला होता. मी सगळे सांगून ओटीपी मागितला.

"बाई, त्यो कुनाला सांगायचा नाय म्हंतेत. लई फसवाफसवी चालू हाय. तुमी इथं या, मंग बघू."

एसटीने गेले. यांच्या मृत्यूचा दाखला दाखवला. बद्रीनाथांनी ओले हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचला. खाते उघडले. गुलाबी ढग, राखी ढग, कापसासारखे विरत गेलेले ढग, हजारोंनी. वर्षागणिक खालून इमारती चढत आलेल्या. शेवटी दोन टॉवरांमध्ये आभाळाची नुसती पट्टी.

एका ढगावर बोट ठेवून बद्रीनाथ म्हणाले, "ह्यो आमच्याकडं आल्ता, बाई. थांबला नाय."

४. माझे पर्जन्यमापक बद्रीनाथ वाकळे यांना द्यावे. हिमांशूवरचा राग कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर संपला.

५. त्या खात्यात एकच व्हिडिओ आहे, अकरा सेकंदांचा. रिकाम्या आभाळात एक ढग दिसतो आणि यांचा आवाज येतो, "मीनाक्षी, हा पडेल का गं?" खालून माझा आवाज, "तुम्ही आधी जेवायला या बरं." हे बोलल्याचे मला अजिबात आठवत नाही. पण आवाज माझाच आहे. स्वरदा आणि हिमांशू यांनी तो एकत्र बसून ऐकावा.

साक्षीदार:
१) अप्पाराव सर्जेराव काळवणे, शेजारी (सही)
२) डॉ. मनस्विनी पाथ्रीकर (सही)

लिहून देणार: मीनाक्षी मधुसूदन जिंतूरकर (सही)
छत्रपती संभाजीनगर, दि. १८ मे २०२४