अंगणातला स्टार आज बंद आहे

बाबा,

अंगणातला नाताळचा स्टार मी बंद केलाय. बल्ब उडालेला नाही, शिडी काढू नका. त्याच्या उजेडात आकाशातलं काहीच दिसत नाही, म्हणून आई आणि मी मागच्या खळ्यात बसलोय. तुम्हीही या.

टॉर्चच्या काचेवर मी लाल कागद बांधलाय, तो काढू नका. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग पुन्हा अंधाराची सवय होईपर्यंत थांबावं लागतं. आल्या आल्या काही दिसणार नाही. लगेच माघारी फिरू नका, थोडा वेळ बसा. दुर्बीण हातात हलते, म्हणून कोपरं बैलगाडीवर टेकवायची. दानियलदादाने फोनवर शिकवलं मला. दुर्बीणही त्याचीच आहे.

पूर्वेकडे उंचावर सगळ्यात ठळक दिसतो तो गुरू. सुरतेत दिवे फार, दादाला खोलीच्या गच्चीवरून तेवढा एकच धड दिसतो. आज अंधार पडला की तोही तिकडून बघणार आहे. माझा फोन मी घरीच ठेवलाय, त्यामुळे तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागणार नाही. नुसतं बघायचं आहे.

भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात. आधी या, मग सगळेच जेवू.

परत आल्यावर स्टार तुम्हीच लावा. नाताळ कधीच होऊन गेला, दादा आला नाही, तरी तुम्ही तो रोज लावता, हे मी त्याला सांगून टाकलंय. तेव्हापासून दर फोनला तो आधी तेच विचारतो, "बाबांनी आज लावला का?"

सुषमा