ओहोटीला कोणाला हात मिळतो

गुरुजी, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, मीही मास्तर होऊन पन्नाशीला टेकलो, तरी कागद पुढे ओढला की तुमची धास्ती वाटते. तिसरीत मी पाटीवर लिहिलं होतं, 'कावळ्याला भूक लागली आहे.' तुम्ही ओल्या बोटाने ते पुसलंत. "भूक दिसली का रे तुला? चोच उघडी दिसली, तेवढंच लिही."

या महिन्यात तालुक्याच्या कचेरीने मला आगरदांड्याच्या धक्क्यावर बसवलंय. ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत येत नाही, माणसं गुडघाभर चिखलात उतरतात. खरंच हाल होत असतील तर फळ्यांची वाट बांधायची, म्हणून ही पाहणी. मी वहीत रकाने आखले: बाई की पुरुष, डोक्यावर ओझं आहे का, होडीवाल्याने हात दिला का. चार दिवस बसलो, सगळ्यांना हात मिळत होता. पाचव्या दिवशी सुक्या मासळीची टोपली घेऊन एक म्हातारी कोळीण उतरली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, तुमी वही घेऊन बसल्यापासना आमाला पन हात मिलतो. रोज येवा!"

"गप ऱ्हा गो आजी," होडीवाला ओशाळून हसला.

माझे चार दिवस फुकट गेले. ते आकडे पाहून कचेरी म्हणाली असती, वाट हवी कशाला?

मग वही घरी ठेवली. धक्क्याजवळच्या देवळाच्या पायरीवर जपमाळ घेऊन, डोळे अर्धे मिटून बसू लागलो. ज्याला हात मिळाला नाही, त्याच्यामागे एक मणी. नाव देवाचं आणि मोजणी माणसांची, हे आत टोचत राहतं. तरी मणी भराभर सरकतात. वाडीवाल्या शेठला दोन माणसं धरून उतरवतात, ओझेवाल्या कोळणींकडे कोणी बघत नाही.

काल तीच म्हातारी घसरली. टोपली उलटली, मासळी चिखलात. मी दहा पावलांवर होतो. आज अहवाल लिहायला बसलोय. आकडे खरे आहेत, वाट बहुतेक होईल. तरी सकाळपासून चारदा उठून अंगणात जाऊन आलो. पाहणाऱ्याने मध्ये पडू नये, हा नियम मीच घालून घेतला होता. अहवालात तिच्यासाठी एक आकडा पुरतो. उरलेलं या कागदावर लिहितो, जो कुठेच धाडता येणार नाही. ती "आई गो" म्हणून ओरडली तेव्हा मी आधी मणी ओढला, मग उठलो.