मांडीवरची गिटार

अण्णा,

गिटार विकलेली नाही, विकणारही नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही बसून ऐकाल.

परवा दादाने दिल्लीहून जुन्या वाद्यांचा एक शौकीन पाठवला. गिटार तुम्ही दादाच्या नावाने ठेवून गेलात, मुलगा म्हणून. तिची कुठली बाजू वर असते हे त्याला ठाऊक नाही, ते सोडा. सीपरी बाजारातल्या आपल्या बैठकीत पाहुण्याने गिटारची पेटी उघडली आणि मूर्तीपुढे जोडावेत तसे हात जोडले. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारी पुष्कळ, पण त्या सहा तारांच्या. आठ तारांची, इतकी जुनी, त्याने फक्त फोटोत पाहिली होती. मग त्याने तारा छेडल्या आणि चेहरा उतरला.

"दीदी, ये ट्यूनिंग किसने बिगाड़ी?"

"हमारे पिताजी ने. और बिगाड़ी नहीं है."

त्याला काय सांगणार? तुमचे अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर मित्र ऑस्ट्रेलियाला जाताना गिटार देऊन गेले, ती लावायची कशी हे मात्र सांगायचं राहून गेलं. तुम्ही मंडळाच्या हार्मोनियमची काळी दोन ही पट्टी धरलीत आणि आठही तारा गणपतीच्या आरतीसाठी लावून मोकळे झालात.

मी नववीत. शाळेतून येऊन गिटार मांडीवर घेतलेली, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात. "मुलीच्या जातीने मांडीवर मूल घ्यावं, हे नव्हे." आई पोळ्या लाटत राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून आले की आई स्वतः गिटार काढून द्यायची आणि रेल्वेच्या वर्कशॉपातून परतताना तुमची सायकल गल्लीत वळली की तव्यावर चिमटा वाजवायची. तुम्ही आत येता तेव्हा मी भूगोल वाचत असते. पोरीला भूगोलाची किती गोडी, म्हणून मंडळात कौतुक करायचात. मूल काही मी घेतलं नाही, लग्नही केलं नाही. मांडी रिकामी राहिली, असं मात्र म्हणू नका.

पाहुणा रिकाम्या हाती गेल्यावर दादाचा फोन आला. कायद्याने ती त्याची आहे म्हणाला. मी म्हटलं, "ये मग. आरतीला वाजव आणि घेऊन जा." त्याने फोन ठेवला.

यंदा गणपतीत तुमच्या जागेवर मी बसणार आहे. मंडळाचे अध्यक्ष आपलेच मराठी, पण हल्ली हिंदीतच बोलतात. म्हणाले, "ताई, घर में कोई लड़का नहीं है क्या?"

"है ना. भूगोल में कच्चा है."

त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

हे पत्र पाठवायची सोय नाही तेच बरं. तुम्ही शुद्धलेखन तपासून परत केलं असतंत. एकच सांगायचं राहिलं. जायच्या आधी त्या पाहुण्याने हौसेने खरी ट्यूनिंग लावून दाखवली. तो गेल्यावर मी वाजवून पाहिलं. सुरेख होती, तुमच्यापेक्षा चांगली. संध्याकाळच्या आत मी मंडळातून हार्मोनियम मागवला आणि आठही तारा परत काळी दोनवर आणून ठेवल्या.