गार होत जाणारी बॅटरी

३ तारीख, सोमवार
सगळ्यांच्या तब्येती: हिचा गुडघा बरा. सुनेची सर्दी उतरली. मुलाची पाठ दुखते, काम सांगितलं की जास्तच. माझा रक्तदाब उत्तम. फक्त मेहुण्याचं नाव निघालं की चढतो.
काल जेवताना त्याने मी घरी बनवलेला बॅटरीचा चार्जर उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, भाऊजी, हा चार्जर आहे की शेगडी? वर चहा ठेवू का? सून एवढी हसली की तिला ठसका लागला.
सूड घेणार. प्रेमानेच, हिचा धाकटा भाऊ आहे.

४, मंगळवार
ठराव: रविवारच्या आत असा चार्जर, जो बॅटरीचं तापमान स्वतः बघेल आणि पंचेचाळीस अंशांना चार्जिंग तोडेल. मेंदू म्हणून सगळ्यात स्वस्त मायक्रोकंट्रोलर. तापमान कळायला मुगाएवढा थर्मिस्टर, तापला की त्याचा रोध उतरतो; तुलनेला जोडीला साधा रेझिस्टर, त्याचा रोध बदलत नाही. व्हिडिओ अर्धा पाहिला. पुढचं आपल्याला येतं.

६, गुरुवार, सकाळ
स्क्रीनवर खोलीचं तापमान पंचवीस. भिंतीवरच्या थर्मामीटरवरही पंचवीस! मेहुण्या, संपलास.

संध्याकाळ
मेहुण्याच्या ड्रिलची बॅटरी लावली. (हिने गोड बोलून मागवली. प्रयोगाला शत्रूचाच माल बरा.) आकडा चोवीस. बावीस. एकोणीस. चार्ज होता होता बॅटरी गार होतेय! हे अजून कुणाला जमलं नसेल. ही म्हणाली, अहो, हात तरी लावून बघा. म्हटलं, आकडा समोर असताना हात कशाला?

८, शनिवार
मेहुण्याला निरोप धाडला: तुझे चार्जर तापवतात, माझा गार करतो. उद्या ये आणि सगळ्यांसमोर कान धर.
बॅटरी एवढी गार, तर करंट वाढवायला काय हरकत? वाढवला.

९, रविवार
आला. स्क्रीनवर उणे सात. मी भाषण सुरू केलं. सुनेने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने बॅटरीला अंगठा लावला आणि असा ओरडला की शेजारी धावत आले. बॅटरी फुगली होती. त्यानेच प्लग ओढला, पकडीने बॅटरी उचलून बाहेर वाळूत टाकली. मग अंगठा पाण्यात बुडवून दुसऱ्या हाताने माझं सर्किट चाचपलं. थर्मिस्टर आणि रेझिस्टर यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. बॅटरी जितकी तापे, तितका आकडा उतरे. पंचविसाला दोघांचा रोध सारखाच, म्हणून खोलीत बरोबर दिसलं.
हे सगळं हळू आवाजात सांगितलं. एकही टोमणा मारला नाही. तेच जास्त झोंबलं.

११, मंगळवार
ही बोलत नाही. तो फोन उचलत नाही. चिठ्ठी लिहायला घेतली. पहिलीत लिहिलं, चार्जर तत्त्वतः बरोबरच होता. हिने फाडली. दुसरीत लिहिलं, अंगठा लावायची घाई तुझीच. तीही फाडली. तिसरी हिने दोनदा वाचून पाकिटात घातली:
बाबा रे, चूक माझी. नवी बॅटरी आणून ठेवली आहे, विकतच्या चार्जरसकट. अंगठा कसा आहे, ते लवकर लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मला माझं ताट मीच वाढून घ्यावं लागतंय.